समतेला झोडपायला ही कथा वापरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समान संधीचा विषय निघाला, मग ती गरीब मुलांची स्कॉलरशिप असो, अपंगांसाठीची सोय असो नाहीतर श्रीमंतांवरचा टॅक्स असो, की वाद घालणाऱ्यांपैकी कोणीतरी कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची 'हॅरिसन बर्जेरॉन' ही कथा काढतंच. "बघा, समतेचा हट्ट धरला की शेवटी हे असं होतं", एवढं एक वाक्य टाकायचं आणि चर्चा बंद करायची. वाचकांच्या पत्रांतही हा सूर अधूनमधून दिसतो म्हणून मुद्दाम लिहितेय. मला ही कथा फार आवडते, आणि आवडते म्हणूनच तिचा असा वापर झालेला मला बघवत नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांना तर असंच वाटत असणार की ही समतेच्या विरोधातली गोष्ट आहे. तसं नाहीये, आणि का नाहीये ते जरा सविस्तर सांगू द्या.

कथा १९६१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एका सायन्स फिक्शनच्या मासिकात आली, पुढे १९६८ मध्ये लेखकाच्या कथासंग्रहात गेली. अगदी छोटी आहे, एका बैठकीत सहज वाचून होते. काळ २०८१ चा. अमेरिकेच्या घटनेला २११, २१२ आणि २१३ व्या दुरुस्त्या झाल्यात आणि आता सगळी माणसं सगळ्याच बाबतीत सारखी आहेत, कोणी कोणापेक्षा हुशार नाही, देखणं नाही, ताकदवान किंवा चपळ नाही. हे कसं जमवलं? तर जो सरासरीच्या वर आहे त्याच्यावर ओझं टाकायचं. जॉर्ज बर्जेरॉन हुशार आहे, म्हणून त्याच्या कानात सरकारी ट्रान्समीटरला जोडलेला एक छोटा रेडिओ आहे आणि तो काढायला कायद्याने बंदी आहे. दर वीसेक सेकंदांनी त्यातून एक कर्कश आवाज येतो, कधी तोफांची सलामी, कधी हातोड्याने काचेची बाटली ठोकल्यासारखा, आणि जॉर्जच्या डोक्यात जो काही विचार चालू असेल तो तिथेच तुटतो. शिवाय गळ्यात कुलूप लावून अडकवलेली कॅनव्हासची पिशवी, तिच्यात ४७ पौंड म्हणजे साधारण २१ किलो छर्रे. त्याची बायको हेझल अगदी सरासरी बुद्धीची, त्यामुळे तिच्या अंगावर काहीच नाही. टीव्हीवर बॅले चालू आहे, नाचणाऱ्या मुलींच्या अंगावर वजनं आणि सुंदर चेहऱ्यांवर मुखवटे.

त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन, सात फूट उंच, अंगावर ३०० पौंड भंगार लादलेला, सरकारच्या कैदेतून पळून थेट टीव्ही स्टुडिओत येतो. सगळी वजनं तोडून फेकतो, एका नर्तिकेला बरोबर घेतो आणि दोघं असे नाचतात की नाचता नाचता छताला जाऊन टेकतात. मग डायना मून ग्लॅम्पर्स येते. ही हॅंडिकॅपर जनरल, म्हणजे कोणाच्या अंगावर किती ओझं हे ठरवणाऱ्या खात्याची प्रमुख. हातात दुनळी बंदूक. दोन गोळ्या, आणि दोघंही जमिनीवर पडायच्या आधीच मेलेले. हे सगळं हेझल टीव्हीवर बघते, जॉर्ज तेवढ्यात किचनमध्ये गेलेला असतो, तो परत येतो तर हिच्या गालावर पाणी, आणि का रडत होते ते तिला आठवत नाही. टीव्हीवर काहीतरी खूप वाईट झालं, एवढंच. जॉर्ज म्हणतो वाईट गोष्टी विसरून जावं, ती म्हणते मी नेहमीच विसरते.

आता मला सांगा, या कथेत समता नेमकी कुठे आहे? कोणाला वर उचललंय? हेझलला धड दोन विचार जोडता येत नाहीत, तिला सरकारने काही शिकवलं का, तिच्यासाठी काही सोय केली का? काहीच नाही. अनाउन्सरला बोलताना अडखळायला होतं, बातमीचं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही, शेवटी तो कागद एका नर्तिकेकडे देतो, आणि ती वाचायला लागते तर तिचा आवाज इतका गोड की तिला लगेच माफी मागून तो खरखरीत करावा लागतो. म्हणजे अडखळणाऱ्याला कोणी मदत केलेली नाही, फक्त जिचं बरं आहे तिचं बिघडवलंय. समता मागणारी माणसं जे मागतात, शाळा, दवाखाना, मत, कोर्टात दाद, यातलं एकही अक्षर त्या जगात नाही. तिथे फक्त एक खातं आहे, त्याचे एजंट आहेत, वजनं आहेत आणि बंदूक आहे.

आणि त्या खात्याच्या प्रमुखाच्या अंगावर काही ओझं आहे असं कथेत कुठेही लिहिलेलं नाही. दिसायला ती बरीचशी हेझलसारखी आहे एवढं लेखक सांगतो. पण तिला नेम बरोबर धरता येतो, आत येताना तिच्या गळ्यात पिशवी नाही, तिच्या कानात आवाज वाजल्याचा उल्लेख नाही. सगळे सारखे म्हणे, पण एक बाई ठरवणार कोण किती जड व्हायचं आणि ती म्हणेल त्याला गोळी घालणार, तर हे सारखेपण कसलं? ही सत्तेची सगळ्यात मोठी दरी झाली. एकीकडे ओझं ठरवणारी, दुसरीकडे ओझं वाहणारे.

मला या कथेत सगळ्यात भयंकर वाटतो तो कानातला आवाज, बंदुकीपेक्षाही. बंदूक शेवटी एकदाच येते, आवाज रोज आहे, दिवसभर, दर वीस सेकंदांनी. जॉर्जला मुलाची आठवण येते, आपला मुलगा तुरुंगात आहे हे डोक्यात येतं न येतं तोच आवाज होतो आणि गेलं, विचार संपला. मुलाला पकडून नेलंय याचं दुःख करायलासुद्धा या माणसाला सलग अर्धं मिनिट मिळत नाही. हेझल भोळेपणाने म्हणते, मी हॅंडिकॅपर जनरल असते तर रविवारी फक्त घंटांचा आवाज ठेवला असता, देवाधर्माचा मान म्हणून. जॉर्ज म्हणतो नुसत्या घंटा असत्या तर मला विचार करता आला असता. बघा, सरकारला नेमकं काय नकोय ते लेखकाने इतक्या साध्या बोलण्यात सांगून टाकलंय! विचार करता येऊ नये, आठवण टिकू नये, दुःखाचा राग होऊ नये. समता हे त्याचं फक्त लेबल.

आणखी एक जागा. हेझल त्याला म्हणते, घरात असताना तरी त्या पिशवीतून थोडे छर्रे काढून टाक ना, दमलेला दिसतोस. तो म्हणतो एकेका छऱ्यामागे दोन वर्षं तुरुंग आणि २००० डॉलर दंड. आणि पुढे स्वतःच समजावतो की मी असं केलं तर बाकीचेही करतील आणि आपण पुन्हा त्या जुन्या काळोख्या काळात जाऊ, सगळे एकमेकांशी स्पर्धा करत बसतील, ते तुला आवडेल का? तिला आवडणार नसतं. म्हणजे घरात पोलीस नाही, कोणी बघत नाही, तरी माणूस स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतोय आणि सरकारचंच वाक्य बायकोला ऐकवतोय. ज्यांना सरकारी नियंत्रणाबद्दल बोलायचंय त्यांनी या जागेवर बोलावं, इथे खरंच खूप काही आहे. पण कथेचा दाखला देणारे इथे थांबतच नाहीत, त्यांना हॅरिसन हवा असतो, वजनं तोडणारा हिरो.

पण हॅरिसन तरी हिरो आहे का? स्टुडिओत आल्यावर त्याचं पहिलं म्हणणं काय, मी सम्राट आहे, मी म्हणेन ते सगळ्यांनी ताबडतोब केलं पाहिजे. वाजवणाऱ्यांना सांगतो नीट वाजवा, तुम्हाला सरदार करतो, ड्यूक करतो. पहिली धून आवडली नाही तर दोघांना खुर्चीतून उचलून हवेत फिरवतो. सगळ्यांची वजनं काढून टाका, आपण सगळे मोकळे होऊ, असं हा मुलगा म्हणत नाही, तो राजा व्हायला आलाय. लेखकाने मुद्दामच असं लिहिलंय असं माझं ठाम मत आहे, त्याला वाटलं असतं तर मुलाच्या तोंडी स्वातंत्र्याचं चार ओळींचं भाषण घालणं काही अवघड नव्हतं. त्याने दोन्हीकडे मालकच ठेवले, एक बंदूकवाली आणि एक मुकुटवाला, आणि मधे जॉर्ज-हेझल सोफ्यावर.

आता ही कथा ज्या वर्षी आली ते वर्ष बघा, मला वाटतं हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. १९६१ च्या मे महिन्यात अमेरिकेत फ्रीडम राइड्स सुरू झाल्या. गोरे आणि काळे तरुण एकाच बसमध्ये शेजारी बसून दक्षिणेकडच्या राज्यांत निघाले, एवढाच त्यांचा गुन्हा. अलाबामात बस जाळली, पोरांना बेदम मारलं, मिसिसिपीत पोचलेल्यांना पार्चमनच्या तुरुंगात टाकलं. दक्षिणेत वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे पाण्याचे नळ, हे सगळं कायद्याने, पोलिसांच्या लाठीने चालवलं जात होतं. मत द्यायला गेलेल्या काळ्या माणसासमोर वाचन-लेखनाची परीक्षा ठेवायचे, पास-नापास ठरवणार गोरा अधिकारी, त्याच्या मनाला येईल तसं. १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टने त्या परीक्षांना आळा बसला. म्हणजे खऱ्या अमेरिकेत, ही कथा छापली गेली तेव्हा, सरकार माणसांच्या गळ्यात वजनं अडकवतच होतं, फक्त ती ज्यांना आधीच दाबून ठेवलंय त्यांच्या गळ्यात होती, आणि त्याला कोणी समता म्हणत नव्हतं.

घटनादुरुस्तीचंही तसंच आहे. कथा आली तेव्हा अमेरिकेच्या घटनेला २३ दुरुस्त्या झाल्या होत्या, आज २७ आहेत. त्यात समतेची म्हणून जी खरी दुरुस्ती आहे ती १८६८ ची चौदावी. ती काय म्हणते? कोणत्याही राज्याने कोणाही माणसाला कायद्याचं समान संरक्षण नाकारता कामा नये. नीट वाचलं तर लक्षात येतं की ही दुरुस्ती सरकारचे हात बांधते. काय करायचं नाही ते सरकारला सांगते. तिच्याच जोरावर १९५४ मध्ये शाळांमधली वर्णावरची फाळणी सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवली. कथेतल्या २११, २१२, २१३ व्या दुरुस्त्या याच्या बरोबर उलट आहेत, त्या सरकारच्या हातात बंदूक देतात. दोन्हीला समता म्हणायचं आणि एकीची भीती दाखवून दुसरीला नको म्हणायचं, हे प्रामाणिक वाचन नाही.

असं वाचन कुठवर गेलंय त्याचं एक उदाहरण सुप्रीम कोर्टातलंच आहे. केसी मार्टिन नावाचा गोल्फर, उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा आजार, चालताना असह्य दुखायचं आणि हाड मोडायचा धोका. त्याने मागितलं एवढंच की स्पर्धेत मला छोट्या गाडीतून जाऊ द्या, बॉल मी इतरांसारखाच मारीन. स्पर्धा घेणाऱ्या संस्थेने नाही म्हटलं, तो कोर्टात गेला आणि २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी जिंकला. विरोधात मत देणाऱ्या जस्टिस स्कॅलिया यांनी आपल्या निकालपत्राचा शेवट याच कथेचं नाव घेऊन केला, की साल २००१ आणि एकदाचे सगळे समान झाले.

आता विचार करा, मार्टिनला गाडी मिळाल्यामुळे बाकीच्या कुठल्या गोल्फरच्या गळ्यात पिशवी अडकवली गेली? कोणाच्या कानात आवाज सोडला? कोणाचा हात बांधला? उलट खालच्या कोर्टाने पुरावे तपासून सांगितलं होतं की गाडीत बसूनसुद्धा मार्टिनला जेवढा थकवा येतो तेवढा धडधाकट खेळाडूंना चालूनही येत नाही. म्हणजे गाडी घेऊनही हा माणूस इतरांपेक्षा जास्त ओझं घेऊन खेळत होता, आणि त्याच्या अंगावरचं थोडं ओझं उतरवलं तर लगेच हॅरिसन बर्जेरॉन! ओझं उतरवणं आणि ओझं लादणं यातला फरक इतक्या विद्वान माणसाला दिसू नये याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच कॅन्सस राज्याचं, २००५ चं. शाळांच्या सरकारी निधीवरून तिथे कोर्टात केस चालू होती, आणि सधन भागातल्या शाळांना स्वतःहून जास्त पैसा खर्च करायला मर्यादा नको असं म्हणणाऱ्या वकिलांनी हीच कथा कोर्टापुढे ठेवली. त्या वेळी व्हॉनेगट हयात होते, ऐंशी ओलांडलेले. तिथल्या पेपरने त्यांना विचारलं तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की माझी कथा बुद्धी आणि गुणांबद्दल आहे आणि पैसा असणं हा दोन्हीचाही पुरावा नाही. आईबाप गरीब म्हणून हुशार पोरांना निकृष्ट शिक्षण देणं, वजनं अडकवणं म्हणजे हेच, अशा अर्थाचं ते बोलले. लेखक म्हणाला म्हणून तेच खरं असं मी म्हणणार नाही, कथा छापली की वाचकाची होते. पण इथे लेखकाचं म्हणणं आणि कथेतला मजकूर एकमेकांना धरून आहेत. हा माणूस आयुष्यभर युजीन डेब्ज या समाजवादी कामगार पुढाऱ्याचं नाव आदराने घेत आला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना ड्रेस्डेन शहरावरचा बॉम्बहल्ला त्याने भोगला. सरकारं माणसांचं काय करतात हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती, आणि गरिबांना समान हक्क मिळाले की जग बुडेल असंही तो कधी म्हणाला नाही.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर माझंही म्हणणं अर्धवट होईल. समतेच्या नावाखाली माणसं छाटणाऱ्या कथा खरंच आहेत. जेरोम के. जेरोम, बोटीतल्या तीन मित्रांच्या गोष्टीमुळे सगळ्यांना माहीत असलेला, त्याने १८९१ मध्ये 'द न्यू यूटोपिया' नावाचा एक छोटा मजकूर लिहिला. एक माणूस समतेच्या गप्पा मारून झोपतो आणि हजार वर्षांनी उठतो. बघतो तर सगळे करड्या कपड्यांत, सगळ्यांचे केस काळे, कोणालाच नाव नाही, नुसते नंबर, कारण नावांमुळे सुद्धा उच्च-नीच व्हायचं. आंघोळसुद्धा सरकार घालतं, का तर कोणी स्वच्छ आणि कोणी अस्वच्छ राहिलं की भेद आला. एखादा फारच धिप्पाड निघाला तर त्याचा हात किंवा पाय कापायचा, एखादा फार हुशार निघाला तर मेंदूचं ऑपरेशन करून त्याला सरासरीवर आणायचं. हे व्हॉनेगटच्या सत्तर वर्षं आधी! आणि जेरोमचा रोख त्या काळच्या समाजवादी स्वप्नांवर होता यात शंका नाही, तीन वर्षं आधीच एडवर्ड बेलमी या अमेरिकन लेखकाची सन २००० मध्ये जागा होणाऱ्या माणसाची कादंबरी येऊन गाजली होती आणि ती वाचून लोक भारावलेले होते.

ही भीती खोटी आहे असंही मला म्हणायचं नाही. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि अख्खं शहर रिकामं केलं, हॉस्पिटलमधले पेशंटसुद्धा रस्त्यावर काढले. पैसा बंद, बाजार बंद, खाजगी मालमत्ता बंद, सगळ्यांना काळे कपडे, सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि शेतात राबायचं, शिकलेली माणसं संशयित. चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत पंधरा ते वीस लाख माणसं गेली. तुओल स्लेंग ही एक शाळा होती, तिचा छळ करायचा तुरुंग केला. हे इतिहासात झालंय, आणि समतेची भाषा बोलतच झालंय. कथालेखकांना असलं काही आधीच सुचलं असेल तर त्यांना सलाम केला पाहिजे.

पण तिथेही बघा, सगळे सारखे असलेल्या त्या देशात ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट याला काय म्हणायचे? एक नंबरचा भाऊ. मग दोन नंबरचा भाऊ. म्हणजे समतेच्या राज्यात नंबर लावलेले होतेच, वरून खाली. कोण जगायचं, कोण मरायचं हे कोणीतरी गुपचूप बसून ठरवत होतं आणि त्याला विचारायची सोय नव्हती. कोर्ट नाही, पेपर नाही, निवडणूक नाही. तिथली माणसं समता जास्त झाली म्हणून मेली असं मला तरी दिसत नाही, ती मेली कारण वरच्या चार माणसांना थांबवणारं कोणी शिल्लक ठेवलं नव्हतं.

हे मी का म्हणते ते आणखी दोन कथांवरून सांगते. हेन्री स्लेसरची 'एक्झामिनेशन डे', १९५८ ची. डिकी जॉर्डन बारा वर्षांचा होतो, आणि बारावं लागलं की सरकार बुद्धीची परीक्षा घेतं. वाढदिवसाला आईच्या डोळ्यात पाणी, बाप त्याच्याकडे बघायचं टाळतो. पोरगं पावसाबद्दल, गवताबद्दल प्रश्न विचारतं, बाप म्हणतो कोणाला माहीत नाही. सूर्य किती लांब आहे, तर म्हणे पाच हजार मैल. बापाला खरंच माहीत नाही की पोराला कळू नये म्हणून तो असं सांगतो, याचं उत्तर कथा देत नाही आणि दोन्ही शक्यता सारख्याच भयानक आहेत. परीक्षा होते, मग फोन येतो. तुमच्या मुलाची बुद्धी सरकारी मर्यादेच्या वर निघाली आहे, नियम अमुक, कलम तमुक, अंत्यविधी सरकारी हवा की खाजगी ते कळवा. सरकारी असेल तर फी दहा डॉलर. संपली कथा.

या कथेत समता कुठेही येत नाही, एकदाही नाही. हुशार मुलं का मारतात याचं कारणच दिलेलं नाही, आईबापही विचारत नाहीत. घडतं मात्र तेच, डोकं मोजायचं आणि जास्त निघालं की संपवायचं.

ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' तर १९०९ ची. माणसं जमिनीखाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी खोल्यांत एकेकटी राहतात, बटण दाबलं की सगळं येतं, एकमेकांना बघायचं ते पडद्यावर. तिथे जन्माला आलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी होते आणि जे फार दणकट होईल असं वाटतं त्याला मारून टाकतात. कारण काय देतात? दया! धडधाकट माणूस या खोलीत सुखी होणार नाही, त्याला झाडं, नद्या, डोंगर हवेसे वाटतील, मग त्याला जगवणं हा क्रूरपणा नाही का, असं. कुनो नावाचा मुलगा चोरून व्यायाम करतो, बोगद्यातून वर जमिनीवर जाऊन येतो, तर त्याला घराबाहेर काढायची, म्हणजे वरच्या हवेत मरायला सोडायची धमकी मिळते. आई त्याची बाजू घेत नाही, तिला त्याची लाज वाटते. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या १९५१ च्या एका कथेत तर नुसता रात्री पायी फिरायला निघालेला माणूस पोलिसांची गाडी उचलून वेड्यांच्या दवाखान्यात नेते, गाडीत माणूस नाहीच, फक्त आवाज.

म्हणजे एकीकडे कारण समता, एकीकडे दया, एकीकडे 'असं वागणं नॉर्मल नाही', आणि स्लेसरकडे कारण सांगायचीही कोणाला गरज वाटलेली नाही. कारणं बदलत जातात. एक खातं माणसाला मोजतं आणि त्या खात्याला जाब विचारता येत नाही, ही गोष्ट कुठेच बदलत नाही. आणि प्रत्येक वेळी घरातलीच माणसं गप्प आहेत, जॉर्ज, हेझल, डिकीचे आईवडील, कुनोची आई. मला या सगळ्या कथा वाचताना सारखं याच माणसांकडे बघावंसं वाटतं. ती वाईट नाहीत, मुलांवर त्यांचं प्रेम आहे, आणि तरीही त्यांच्याकडून एक शब्द निघत नाही.

या कथा शाळा-कॉलेजात शिकवल्या जातात ते चांगलंच आहे, पण "समता वाईट, स्पर्धा चांगली" एवढं एक उत्तर लिहून घेऊन धडा संपवू नये, अशी शिकवणाऱ्यांना विनंती. मुलांना विचारा की डायना मून ग्लॅम्पर्सला नेमलं कोणी, तिला काढायचं कसं, तिच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची. कथेत याची उत्तरं नाहीत, तीच शोधायला लावा. विचारा की हेझलला शिकवलं असतं तर काय झालं असतं. विचारा की केसी मार्टिनची गाडी आणि जॉर्जची पिशवी यात फरक काय. चौदा वर्षांच्या पोरांना हे नक्की कळतं, हॅरिसनच्याच तर वयाची असतात ती.

आणि संपादकांना एक विनंती. आपल्या पुरवणीत या चार-पाच कथांवर एकत्र असं कोणा जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्यावं. जेरोम १९२७ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावर आता कॉपीराइट नाही, तेव्हा 'द न्यू यूटोपिया'चं मराठी भाषांतर पूर्ण छापायलाही हरकत नाही, दोन अंकांत सहज बसेल. भाषांतर करायला कोणी मिळालं नाही तर मी करून पाठवते, मानधन नको.

आपली,
एक नियमित वाचक